कंबरेला वेगळा वार नसतो : वजन उचलण्याचं आठवड्याचं वेळापत्रक कसं लावावं

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी आपाचा फोन आला. "जरा घरी ये. पोरगा पलंगावरून उठत नाही." जाऊन बघतो तर भाचा एका कुशीवर आखडून पडलेला. हलला की कण्हायचा. मला बघून म्हणाला, "मामू, कमर पकड ली."

वय एकोणीस. पोलीस भरतीची तयारी चाललेली. मैदानी चाचणीला सहा आठवडे उरलेले. १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक, असे मिळून ५० गुण. एकेका गुणासाठी पोरं जीव काढतात, आणि हा इथे बाथरूमपर्यंत भिंत धरून जात होता.

"काय उचललंस?" मी विचारलं.

"काहीच नाही. सकाळी पाण्याची बादली उचलली, तेवढीच."

आपल्याकडे उसण भरली की प्रत्येक जण हेच सांगतो. वाकून चप्पल उचलली, लेकराला कडेवर घेतलं, शिंक आली. खरं तर बादलीचा दोष थोडाच असतो. ती फक्त शेवटची असते. आधीच्या आठवड्यांत कंबरेवर किती उधारी चढली होती, ते कोणी मोजत नाही.

मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. पण आमच्या शाळेत दरवर्षी वेळापत्रक लावायचं काम माझ्याकडे असतं. भाच्याला फिजिओथेरपिस्टकडे नेलं तेव्हा त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आठवडाभर काय काय करतोस, ते वारानुसार सांग." तेव्हा लक्षात आलं, हा तर वेळापत्रकाचाच प्रश्न आहे. त्या दिवसापासून जे वाचलं, विचारलं आणि शिकलो, ते इथे मांडतो. आपल्या घराघरांतली पोरं, आणि आता पोरीही, जिमला जातात. त्यांच्या आई-वडिलांनीही हे वाचावं.

भाच्याचा आठवडा

त्याने सांगितलं ते मी कागदावर लिहून काढलं.

सोमवार : छाती. बेंच प्रेस.
मंगळवार : पाठ. डेडलिफ्ट, नंतर वाकून बारबेल रो.
बुधवार : पाय. स्क्वॅट, नंतर रोमानियन डेडलिफ्ट.
गुरुवार : खांदे. उभ्याने ओव्हरहेड प्रेस.
शुक्रवार : पुन्हा डेडलिफ्ट, कारण "त्यात माझं वजन चांगलं वाढतंय".
शनिवार : लांब धावणं आणि गोळाफेकीचा सराव.
रविवार : जिमला सुट्टी. पण अब्बांच्या किराणा दुकानात माल येतो, तो उतरवायचा. पोती, तेलाचे डबे.

कागदावर बघितलं तर आठवडा छान वाटतो. छातीला एक वार, पाठीला एक, पायांना एक, खांद्यांना एक. सगळ्यांना न्याय. पण यात एक गोष्ट लपलेली आहे. कंबरेला वेगळा वार नसतो. ती सगळ्यांच्या वारी राबते.

डेडलिफ्टमध्ये ती राबते हे उघड आहे. स्क्वॅटमध्ये खांद्यावरचं वजन कण्यातूनच खाली उतरतं, तेव्हाही ती धरून असते. वाकून रो मारताना हात वजन ओढतात, पण धड त्या वाकलेल्या अवस्थेत कोण धरून ठेवतं? कंबर. उभ्याने वजन डोक्यावर नेताना मागे झुकायला होतं, ते कोण सांभाळतं? कंबर. आणि जिमच्या तक्त्यावर रविवारच्या पोत्यांचा तर रकानाच नाही.

कंबरेत नेमकं काय घडतं

कंबरेच्या भागात पाच मणके असतात. मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात, त्यांना आपण डिस्क म्हणतो. कण्याच्या दोन्ही बाजूंनी खालून वर लांबलचक स्नायू गेलेले आहेत, त्यांना इरेक्टर स्पायनी म्हणतात. त्यांच्याखाली मणक्या-मणक्याला जोडून मल्टिफिडस नावाचे छोटे स्नायू आहेत. वजन उचलताना या स्नायूंचं मुख्य काम हालचाल करणं नसतं, तर कणा हलू न देणं हे असतं. तंबूचे दोर जसे ताणून धरलेले असतात, तसंच. काम दिसत नाही, म्हणून थकवाही मोजला जात नाही.

जड व्यायामानंतर स्नायूंची आतून दुरुस्ती सुरू होते. ती साधारण एक-दोन दिवस जोरात चालते. दुखरेपणा १२ ते २४ तासांत सुरू होतो आणि २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. म्हणजे मंगळवारी मारलेल्या डेडलिफ्टचा हिशेब बुधवारी किंवा गुरुवारी समोर येतो. भाचा बुधवारी स्क्वॅट करत होता, म्हणजे दुरुस्तीचं काम चालू असलेल्या रस्त्यावरून ट्रक नेत होता.

डिस्कची गोष्ट आणखी वेगळी आहे. मोठ्या माणसाच्या डिस्कमध्ये रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला पोषण आजूबाजूच्या हाडातून झिरपून मिळतं, त्यामुळे तिची दुरुस्ती सावकाश होते. दिवसभर वजनाने ती थोडी दबते आणि रात्री झोपेत पाणी शोषून फुगते. म्हणूनच आपण सकाळी थोडे उंच असतो. पण त्या फुगलेल्या डिस्कवर उठल्या उठल्या वाकण्याचा ताण जास्त येतो. फजरनंतर थेट जिमला जाणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. उठल्यापासून किमान तासभर तरी जड वजन घेऊन वाकू नये. आधी चालावं, घरातली हलकी कामं करावीत, मग वॉर्मअप.

शाळेचं वेळापत्रक आणि कंबरेचं

शाळेत आम्ही लागोपाठ दोन तास गणिताचे लावत नाही. आणि एकाच शिक्षकाला सकाळपासून सुट्टीपर्यंत सलग सगळे वर्ग देत नाही. वर्ग वेगळे असले, विषय वेगळे असले, तरी घसा एकच असतो. कंबरेचं तसंच आहे. विषय बदलले तरी मास्तर तोच.

म्हणून मी भाच्याला एक सोपी पद्धत दिली. सात चौकोन काढ. प्रत्येक चौकोनात त्या दिवशी कंबरेवर किती भार आला त्याचा आकडा लिही.

२ म्हणजे भारी : जड डेडलिफ्ट, जड स्क्वॅट, रोमानियन डेडलिफ्ट, पोती उतरवणं.
१ म्हणजे मध्यम : वाकून रो, उभ्याने ओव्हरहेड प्रेस, हलका स्क्वॅट, लांब धावणं, गोळाफेक.
० म्हणजे आराम : बेंच प्रेस, बसून लॅट पुलडाउन, पुलअप, पाठ टेकवून खांद्यांचा व्यायाम, साधं चालणं.

हा माझा शिक्षकी हिशेब आहे, प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही. पण लिहिलं की दिसतं. भाच्याचा आठवडा असा निघाला : ०, २, २, १, २, १, २. बेरीज दहा. आणि शून्य फक्त एक, तेही सोमवारी.

आता नियम तीनच.

पहिला : दोन भारी दिवसांच्या मध्ये किमान दोन दिवस जाऊ द्यावेत. मंगळवारी भारी असेल तर पुढचा भारी दिवस शुक्रवारी, त्याआधी नाही.

दुसरा : भारी दिवसाच्या दुसऱ्या दिवशी शून्य असावं. हातांचा, छातीचा व्यायाम करा, चाला, पण कंबरेला मोकळं सोडा.

तिसरा : आठवड्यात किमान तीन शून्य हवेत आणि बेरीज पाच-सहाच्या आसपास राहावी.

जाणकार काय करतात

ही गोष्ट काही नवी नाही. अमेरिकन प्रशिक्षक बिल स्टार यांनी १९७६ साली आपल्या पुस्तकात भारी, हलका आणि मध्यम अशा तीन दिवसांची पद्धत मांडली होती. तिन्ही दिवस व्यायाम असतो, पण तिन्ही दिवस सारखा जोर नसतो.

मार्क रिपेटो यांच्या 'स्टार्टिंग स्ट्रेंग्थ' या पद्धतीत नवशिक्याला स्क्वॅटचे पाच-पाचचे तीन सेट दिलेले असतात, पण डेडलिफ्टचा पाचचा फक्त एक सेट. का? कारण डेडलिफ्ट इतकी थकवते की जास्त सेट मारले तर पुढच्या वेळेपर्यंत शरीर भरून येत नाही. आपल्याकडे पोरं नेमकी उलटी चालतात. जे सगळ्यांत जास्त थकवतं, तेच सगळ्यांत जास्त वेळा करतात, कारण व्हिडिओत तेच भारी दिसतं.

जिम वेंडलर यांच्या '५/३/१' पद्धतीत चार दिवस असतात. सोमवारी ओव्हरहेड प्रेस, मंगळवारी डेडलिफ्ट, गुरुवारी बेंच प्रेस, शुक्रवारी स्क्वॅट. मोजून बघा. मंगळवार ते शुक्रवार तीन दिवस, शुक्रवार ते मंगळवार चार दिवस. आणि त्यांच्या मूळ पद्धतीत दर चौथ्या आठवड्याला वजन मुद्दाम बरंच कमी केलेलं असतं. त्याला डीलोड म्हणतात. तो आठवडा वाया जात नाही. मागच्या तीन आठवड्यांची कमाई त्यातच अंगी लागते.

आपल्यासाठी तीन नमुने

नवीन पोरांसाठी, तीन दिवस : सोमवारी स्क्वॅट, बेंच प्रेस, पुलडाउन. बुधवारी लंजेस, खांदे, आणि छाती टेकवून रो. शुक्रवारी डेडलिफ्टचा एक चांगला सेट, मग वरच्या अंगाचं हलकं काम. भारी दिवस सोमवार आणि शुक्रवार. मध्ये बुधवार हलका.

वर्ष-दोन वर्षं नियमित करणाऱ्यांसाठी, चार दिवस : वर दिलेला सोम-मंगळ-गुरु-शुक्र. कंबर थकलेली वाटली तर सोमवारचा ओव्हरहेड प्रेस बसून, पाठ टेकवून करा.

अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांसाठी, दोन दिवस : एका दिवशी स्क्वॅट आणि डेडलिफ्ट दोन्ही, आधी स्क्वॅट आणि मग कमी वजनाची डेडलिफ्ट. दुसऱ्या दिवशी फक्त वरचं अंग. कंबरेचा सगळा भार एकाच दिवशी घेतला की बाकीचे दिवस तिला मोकळे मिळतात. मात्र त्या दिवशी दोन्हींत जीव तोडायचा नाही.

हा तिसरा नमुना आपल्या समाजातल्या कितीतरी पोरांना लागू आहे. कोणी मालेगाव-भिवंडीला यंत्रमागावर तासन् तास उभा असतो, कोणी मार्केट यार्डात हमाली करतो, कोणी फळांच्या पेट्या उतरवतो, कोणी दिवसभर खड्ड्यांतून दुचाकीवर पार्सल पोचवतो. जिमचा ट्रेनर विचारत नाही, पण कंबर हे सगळं मोजते. बाजाराच्या दिवशी डेडलिफ्ट ठेवू नका. ज्या दिवशी माल उतरवायचा आहे तो दिवस भारी समजा आणि बाकीचा आठवडा त्याच्याभोवती लावा.

घरातल्या बायकांनाही हेच. ज्या दिवशी पाण्याचे हंडे भरायचे, गोधड्या धुवायच्या, गहू निवडून दळणाला न्यायचे, तो दिवस भारीच. व्यायाम सुरू केलेल्या बहिणींनी त्या दिवशी वजन घेऊन वाकू नये.

भार कमी करायचा, व्यायाम सोडायचा नाही

लोक म्हणतात, आराम द्यायचा तर मग पाठ आणि पाय कधी करायचे? करायचे, पण कंबरेला मधून काढून. वाकून रो ऐवजी बाकावर छाती टेकवून रो. जड स्क्वॅट ऐवजी एक पाय मागे बाकावर ठेवून स्प्लिट स्क्वॅट, त्यात निम्म्या वजनात पायांना भरपूर काम होतं. उभ्याने प्रेस ऐवजी बसून. लेग प्रेस चालेल, पण गुडघे छातीकडे आणताना बूड उचललं जाऊ नये, नाहीतर कंबर तिथेच वाकते.

पट्टा बांधला म्हणजे विश्रांती नको, असंही नाही. पट्ट्याने पोटातला दाब वाढतो, कण्याला त्या सेटपुरता आधार मिळतो. पण पट्टा काही दोन दिवसांची झोप देत नाही. आणि दुखणं दाबायची गोळी खाऊन जिमला जाणं म्हणजे घरातली आगीची घंटा काढून ठेवून झोपणं. झोप मात्र खरं औषध आहे. रात्री सात तासांपेक्षा कमी झोपून मोबाईल बघणाऱ्याने वेळापत्रक कितीही चांगलं लावलं तरी उपयोग नाही.

मीराबाईची कंबर

मणिपूरच्या मीराबाई चानू यांचं उदाहरण मी वर्गातही देतो. २०१७ मध्ये त्या जगज्जेत्या झाल्या, २०१८ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. आणि त्याच वर्षी कंबरेच्या दुखण्याने त्यांना आशियाई स्पर्धा सोडावी लागली. जगात पहिली आलेली खेळाडू, सगळ्या सोयी हाताशी, तरी थांबावं लागलं. पुढे उपचार आणि तंत्रातली सुधारणा यांसाठी त्यांनी अमेरिकेतही तज्ज्ञाची मदत घेतली. २४ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्यांनी एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकलं. थांबणं म्हणजे हरणं नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

दुखरेपणा कुठे संपतो, दुखापत कुठे सुरू होते

दोन्ही बाजूंना सारखं, बोथट, जडसर दुखत असेल, चालल्या-फिरल्यावर मोकळं होत असेल आणि दोन-तीन दिवसांत जात असेल, तर तो बहुतेक स्नायूंचा थकवा. एकाच जागी सुरी खुपसल्यासारखी कळ, उठता-बसता लचक, आणि दिवसागणिक वाढत असेल, तर व्यायाम थांबवून तपासून घ्या.

कळ नितंबातून गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना जोर लागत नसेल, तर डॉक्टरला दाखवायला उशीर करू नका. आणि मांड्यांच्या मधली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलला न्या. त्यात तासही मोलाचे असतात. ताप, पडल्याचा मार, किंवा कारण नसताना वजन घटणं यांच्यासोबत कंबर दुखत असेल तरीही थांबू नका.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावायची पद्धत आहे. पाय लावून कोणी समाधान मानत असेल तर मानो, पण पाठीवर उभं राहून कडाकडा मोडू कोणाला देऊ नका. दुसरी चूक म्हणजे आठवडाभर पलंगावर झोपून राहणं. साध्या कंबरदुखीत जमेल तेवढं हलत-चालत राहिलेलं बरं, हे आता सर्वत्र मान्य आहे. आणि एमआरआयमध्ये डिस्क झिजली असं दिसलं तर घाबरूनही जाऊ नका. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांना काहीही दुखत नाही अशा वीस वर्षांच्या लोकांपैकीही सुमारे ३७ टक्के लोकांमध्ये डिस्कची झीज दिसली होती. फोटो आणि दुखणं नेहमी जुळतंच असं नाही. जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, तेव्हा एकटं आपल्यालाच काही झालंय असंही समजू नये.

पुन्हा भाच्याकडे

तपासणीत नसेवर दाब नव्हता. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं चालायला लावलं. दोन आठवडे डेडलिफ्ट आणि स्क्वॅट बंद. मग निम्म्याहून कमी वजनापासून सुरुवात. आणि आम्ही दोघांनी बसून नवा तक्ता केला.

रविवार : दुकानाचा माल. २.
सोमवार : बेंच प्रेस, पुलअप. ०.
मंगळवार : १६०० मीटरचा सराव. १.
बुधवार : एका आठवड्यात स्क्वॅट, पुढच्या आठवड्यात डेडलिफ्ट, दोन्ही कधीच नाही. २.
गुरुवार : चालणं, हात. ०.
शुक्रवार : १०० मीटर आणि गोळाफेक. १.
शनिवार : आराम. ०.

बेरीज सहा, शून्य तीन. रविवार बदलता येत नव्हता, कारण अब्बांना दुसरा माणूस नाही. म्हणून बाकीचा आठवडा बदलला. सुरुवातीला पोरगा चिडला. "मामू, बाकीचे आठवड्यात तीनदा मारतात." मी म्हटलं, बाकीच्यांच्या घरी रविवारी पोती येतात का?

सहाव्या आठवड्याच्या शेवटी तो मैदानावर उभा राहिला. धावणं चांगलं झालं. ७.२६ किलोचा गोळा त्याला हवा तितका लांब गेला नाही. निवड यादीत नाव आलं नाही, आपा दोन दिवस जेवली नाही. पण पोरगा संध्याकाळी मैदान मारून स्वतःच्या पायांनी घरी आला होता, आणि पुढच्या भरतीचं वय अजून त्याच्या हातात आहे.

तो कागद अजून त्याच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला आहे. प्रत्येक चौकोनात तो रात्री पेन्सिलीने आकडा लिहितो. परवा गेलो तर एका मंगळवारी १ खोडून २ केलेला दिसला. विचारलं तर म्हणाला, "त्या दिवशी शेजारच्या आजींचं कपाट हलवलं होतं." आणि बुधवारच्या चौकोनात त्याने स्वतःहून शून्य लिहिलं होतं.